चार फोन आणि बाबांचे कान

३ मार्च, सोमवार

चार फोन आले! खोक्यांतून काढले आणि पहिलं काम काय केलं, तर चौघांच्या पाठीवरची नावं चिकटपट्टीने झाकून टाकली. नाव दिसलं की कान लगेच लाचार होतात. आता ते नुसते काळा, निळा, सोनेरी आणि जाडा. जाडा खरंच जाड आहे — साबणाच्या वडीसारखा.

संपादकबाईंनी बजावलंय, "गोलगोल लिहू नकोस हं. गाणं ऐकायला कुठला फोन घ्यावा, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे." मासिकाची मधली दोन्ही पानं माझी! आजवर इस्त्र्या आणि मिक्सर यांच्यापुढे गाडी गेली नव्हती.

नवरा म्हणाला, "मला विचार की, मी सांगतो कुठला चांगला." ह्याला विचारू? ह्याला दारावरची घंटा आणि कुकरची शिटी ह्यांतला फरक कळत नाही!

४ मार्च, मंगळवार

आज नुसते स्पीकर. हेडफोन न लावता, स्वयंपाकघरात, ओट्यावर फोन ठेवून. लोक तसंच तर ऐकतात — भांडी घासताना.

निळ्यात खालचे सूर गायबच. गिटारवाला आलाय, ढोलवाला रजेवर. काळ्याचा आवाज मोठा केला की पाठ थरथरते, कपातला चमचा वाजायला लागतो. सोनेरी झकास, पण गाणाऱ्या बाईचा प्रत्येक 'स' सापासारखा फुत्कारतो. आणि कुठलाही फोन आडवा धरला की माझा तळवा नेमका स्पीकरच्या भोकावर! हे बनवणारे लोक फोन हातात धरत नाहीत की काय?

तेवढ्यात बाबा — माझे सासरे — चहाचा कप ठेवायला आले. दोन मिनिटं उभे राहिले. म्हणाले, "फोनवर गाणं ऐकणं म्हणजे किल्लीच्या भोकातून घर बघणं." आणि गेले आपल्या खोलीत.

६ मार्च, गुरुवार

बाबांबद्दल आज लिहितेच.

त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्य लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरण्यात गेलं. दुसरा छंद एकच — गाणं. त्यांच्या खोलीत ते यंत्र आहे, मी त्याला 'कपाट' म्हणते: एक ॲम्प्लिफायर, एक सीडी प्लेअर, कमरेएवढे दोन स्पीकर. संध्याकाळी आई विणायला बसायच्या, बाबा ऐकायला. आई गेल्या, दुकान विकलं, कपाट राहिलं. आता बाबा दिवसभर त्याच्यासमोर खुर्चीत. एका बाईंच्या व्हायोलिनची एकच सीडी. दारापलीकडेसुद्धा जात नाहीत. डॉक्टर म्हणाले, चालत नाही राहिलात तर पाय आखडतील. बाबा म्हणाले, "बाहेर आहे काय? इथे निदान गाणं आहे."

नवरा म्हणतो, "सोड ना, ते ऐकणार नाहीत."

"ऐकतातच की, दिवसभर!" मी म्हटलं. तो हसला.

८ मार्च, शनिवार

हेडफोन लावून चौघांची पहिली फेरी झाली. सोनेरी पहिला, जाडा दुसरा. फक्त जाड्यालाच वायर खुपसायला भोक आहे, बाकीच्यांना शेपटासारखी जोडणी लावावी लागते किंवा बिनवायरचा हेडफोन घ्यावा लागतो.

जेवताना बाबांना म्हटलं, तुमच्या कपाटाशीच लावू का एकाची शर्यत? त्यांचा सीडी प्लेअर विरुद्ध माझा फोन, स्पीकर त्यांचेच. मध्ये पडदा. कुठला वाजतोय ते ओळखायचं.

"डोळे मिटून ओळखीन," बाबा म्हणाले. किती महिन्यांनी त्यांचा चेहरा असा खोडकर झाला!

९ मार्च, रविवार

फजिती. माझी!

चादर बांधली. जाड्यावर तीच व्हायोलिनची सीडी आधीच उतरवून घेतली होती. वायर कपाटात खुपसली. बाबा खुर्चीत ताठ बसलेले, नवरा चादरीचं टोक धरून. मी विचारलं, "पहिलं बरं की दुसरं?" बाबा म्हणाले, "वा! माझाच धंदा माझ्यावर?"

दुसरं, म्हणाले. पुन्हा वाजवलं, जागा बदलून. पहिलं, म्हणाले. "ह्यात लाकूड ऐकू येतं." दोन्ही वेळा तो फोन होता! मी चादरीमागे नाचायचीच बाकी होते.

आणि बाबा म्हणाले, "थांब. त्याचा आवाज मोठा आहे."

नाहीये, म्हटलं. "मोजून बघ." मोजला. एका केसाने का होईना, जाडा मोठाच होता! कानाला कळत नाही मोठा आहे म्हणून, नुसतं छान वाटतं.

"सूनबाई, गिऱ्हाइकाला एक काच पुसून दिलीस आणि दुसरी न पुसता, तर त्याला पुसलेलीच आवडणार."

आता कपाळाला हात. म्हणजे काल मी चौघांना हेडफोनवर ऐकलं, ते तरी कुठे सारख्या आवाजात? सगळं टिपण केराच्या टोपलीत.

१० मार्च, सोमवार

सकाळपासून पुन्हा श्रीगणेशा. आधी मोजणी, मग ऐकणं. आवाज सारखे केले आणि सोनेरी धाडकन तिसरा! नुसताच मोठ्याने बोलणारा होता तो — असे पाहुणे असतात. जाडा पहिला. कुठलाच सूर पुढे पुढे करत नाही, सगळ्यांना बसायला जागा.

संध्याकाळी बाबांची परीक्षाही पुन्हा घेतली, ह्या वेळी नीट. दोन्हीकडे आवाज तंतोतंत सारखा. बाबांना ओळखता येईना. कधी बरोबर, कधी चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढेच बरोबर आले असते. "आणखी एकदा," म्हणाले. पुन्हा तेच. "आणखी एकदा." मीच म्हटलं, पुरे आता.

त्यांनी स्वतः चादर सोडली, घडी केली, माझ्या हातात दिली. खोलीचं दार लोटून घेतलं. आतून गाण्याचा आवाज नाही.

११ मार्च, मंगळवार

बाबा बोलत नाहीत. चहा खोलीत नेऊन ठेवला. कप रिकामा परत आला, एवढंच.

नवरा: "तुला काय गरज होती?" एका म्हाताऱ्या माणसाकडे एकच गोष्ट उरली होती, तिला मी फोनशेजारी उभं केलं. लेख चांगला होणार आणि घर गप्प. असला विजय कुणाला हवा होता?

१३ मार्च, गुरुवार

मी कांदा चिरत होते. बाबा येऊन स्टुलावर बसले.

"म्हणजे हा साबण तेच वाजवतो, जे माझं कपाट वाजवतं?"

"तुमच्या स्पीकरची सर त्याला नाही हं बाबा. ते मोठे ते मोठेच. पण मधलं यंत्र म्हणाल तर — हो. तेच."

"आणि हा खिशात मावतो."

"मावतो."

मी आपली चिरत राहिले, वर बघितलंच नाही.

"तुझा तो हेडफोन दे जरा."

दिला. सुरू कसं करायचं, थांबवायचं कसं, दाखवलं. आणि बाबांनी घालायला बूट बाहेर काढले! बुटांवर धूळ, नाड्या ताठ. मी वाकून बांधायला गेले तर पाय मागे घेतला, "मला येतात." दारातून बाहेर पडले. मी खिडकीत. कोपऱ्यावरच्या धोबिणीच्या दुकानापर्यंत गेले आणि परत आले.

"कसं होतं?"

"गाड्यांनी अर्धं खाल्लं. पण व्हायोलिनवाली बाई कोपऱ्यापर्यंत आली माझ्याबरोबर."

डोळ्यांत पाणी. कांद्यामुळेच म्हटलं मी.

१६ मार्च, रविवार

बाबा आता कालव्याकाठच्या बागेपर्यंत जातात. आल्यावर मला तपशीलवार सांगतात — चालताना वायर कोटाला घासते आणि ते घासणं थेट कानात येतं! मी कपडे वाळत घालायचा चिमटा दिला. वायर कॉलरला अडकवली, घासणं बंद. लेखात हे घालणारच. वारा असला की खालचे सूर उडून जातात, बाकावर बसलं की परत येतात. हेही घालणार. असलं काही मला खुर्चीत बसून जन्मात कळलं नसतं.

परवा मला वाटलं होतं की मी त्यांचं काहीतरी मोडलं. मोडलं नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

लेख पाठवला. एका वाक्यात: मिरवायचं असेल तर सोनेरी घ्या, ऐकायचं असेल तर जाडा. संपादकबाई म्हणाल्या, "हेच मथळ्यात टाकते." फोनची खरी नावंही आता त्याच घालतील.

आज स्वतःचे लाड केले. दुपारी दार लावून झोपले.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या फोन परत करायचे आहेत. चारही! आणि जाडा बाबांच्या खिशात. हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

कसंबसं सांगितलं. बाबांनी खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढलं, फोनची काच पुसली, मागची बाजूही पुसली, आणि दिला. "बरोबर आहे. दुसऱ्याची वस्तू," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२४ मार्च, सोमवार

बाबा फिरायला गेले नाहीत. परवाही नाही, कालही नाही. पुन्हा खुर्ची. बूट दाराशी तसेच. नवऱ्याला म्हटलं, आपणच आणू या का? तो म्हणाला, "घेणार नाहीत. सुनेच्या पैशाने तर नाहीच." खरं आहे.

२५ मार्च, मंगळवार

बाजारातून आले तर बाबांची खोली रिकामी! कपाट बंद. हाक मारली, ओ नाही. त्यांचा जुना बटणांचा फोन लावला तर तो टेबलावरच वाजायला लागला. नवऱ्याला कामावरून बोलावू की आधी कालव्यावर बघून येऊ — चपला पायात अर्ध्या, आणि जिन्यात बाबा! घामाघूम. हातात पिशवी. पिशवीत जाडा. नवाकोरा.

"दुकानदार सोनेरी गळ्यात मारत होता," बाबा जिन्यातूनच सांगायला लागले. "त्याला म्हटलं, बाबा रे, माझी सूनबाई ह्याच विषयावर लिहिते. तिने सगळे एका मापाने मोजलेत. तो म्हणाला, आजोबा, हा जरा जाड आहे. म्हटलं, मीही होतो तुझ्या वयात!"

माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकला होता, असं आठवत नाही. पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

३० मार्च, रविवार

अंक परवाच आला! मधली पानं, खाली माझं नाव. कुणा वाचकबाईंनी संपादकबाईंना कळवलं की कपड्यांच्या चिमट्याची युक्ती लाख मोलाची. म्हणजे माझं कौतुक बाबांच्या नावावर जमा. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग? ऐकणारा मी होतो."

बाबा आता दोनदा जातात, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर. रोज दाढी. जिना चढताना शीळ! नवरा म्हणाला, "हे आपलेच बाबा ना?"

२ एप्रिल, बुधवार

आज यायला बराच उशीर. हेडफोन कानात नव्हता, गळ्यात लोंबत होता. "बॅटरी संपली का?" तर म्हणाले, "नाही गं. बाकावर बसलो होतो, वेळ गेला." चेहरा मात्र असा की जणू आत्ताच मैफल संपलीय.

तर माझं मत, फक्त ह्या पानापुरतं — जाड्याला पैकीच्या पैकी.

६ एप्रिल, रविवार

सकाळी चहाला तिघंही. बाबा चमचा ढवळत बसले होते, कपात साखर नव्हतीच. मग एकदम म्हणाले, "एकाच फोनवर दोघांना एका वेळी ऐकता येईल, असं काही मिळतं का गं?"

मिळतं, म्हटलं.

"मग बघून ठेव. आणि त्यांना उजव्या कानाने जरा कमी येतं. त्या बाजूचा आवाज तेवढा वाढवता आला पाहिजे."

त्यांना!

नवऱ्याचा पाव तोंडाशी थांबला तो थांबलाच. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला आणि अगदी दुकानदारासारखा आवाज काढून विचारलं, "रंग कुठला आवडेल त्यांना?"

"विचारून सांगतो," बाबा म्हणाले, आणि बूट घालायला उठले.