न सुटणारं बटण

तीर्थरूप दादास धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? आम्ही सगळे ठीक. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तेव्हापासून तिला माझ्या शिवणीतल्या चुका दिसू लागल्यात, म्हणून मी मशीन खिडकीपासून जरा आत ओढलंय.

तर दादा, हुकूमशहासाहेबांवर विनोदी सिनेमा निघालाय. होय, आपल्याच. (ते जाऊन चार वर्षं झाली, तरी हे वाक्य मी दुकानाचं दार लोटून लिहिलं.) गणवेश शिवायचं काम माझ्याकडे आलं, कारण साहेबांच्या शिंपी मास्तरांच्या हाताखाली खरा गणवेश शिवलेला मी एकटाच उरलोय. नट दुपारी कोट घालून बघायला आला. साधा माणूस, चहात बिस्कीट बुडवून खाणारा. पण कोट चढवून तो आरशापुढे उभा राहिला, पिवळ्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती, आणि मी आज किती वर्षांचा आहे तेच मला आठवेना. माझ्या टाचा आपोआप जुळल्या. ते बघून घाबरून त्याच्याही जुळल्या. बराच वेळ आम्ही एकमेकांना सलाम ठोकत उभे होतो.

सिनेमात तोच प्रसंग आहे: सज्जातलं भाषण, साहेब छाती फुगवतात आणि पोटावरचं बटण उडून खालच्या बँडच्या ढोलावर पडतं. वीस वर्षांपूर्वी ते खरोखर उडालं, तेव्हा भरल्या चौकात तू एकटा हसलास आणि संध्याकाळी मामाच्या ट्रकमधून सरहद्दीपार गेलास. दिग्दर्शक म्हणाला, बटण कच्चं लावा. लावलं. नटाने छाती फुगवली, बटण ढिम्म. मग एकाच टाक्यावर लावलं. नट लालबुंद झाला, कोट पाठीत उसवला, बटण जागच्या जागी. डोकं कच्चं म्हणतं, पण बोटं ऐकतील तर शपथ. शेवटी आईने लावलं, आणि ते थेट कॅमेरावाल्याच्या चहात पडलं.

काल पहिला खेळ झाला. थिएटर तुडुंब. बटण उडालं आणि कोणी हसेना. सगळे माना वळवून मागच्या रांगेत कोण लिहून घेतंय ते बघत होते. (मागच्या रांगेत आई आणि मी होतो. मला बघून दोघं उठून गेले.) मी स्वप्नात असल्यासारखा बसलो होतो, अंधारात कुठून तरी तुझं हसू येईल म्हणून कान लावून. आई हळूच म्हणाली, "थोरला असता तर एव्हाना हसला असता."

दोरा संपला, थांबतो. गुडघ्याला शेक देत जा.

ता. क. खेळ अजून आठवडाभर आहे. दर पत्रात पुढच्या वर्षी येतो म्हणतोस, आणि आईचा नवा डोळा रोज दाराला लागलेला असतो. सरहद्दीवर आता कोणी काही विचारत नाही. ये ना. लोकांना हसायचंय रे, फक्त पहिला माणूस नाहीये.

आणखी ता. क. ते खरं बटण मास्तरांनी नव्हे, मी लावलं होतं. जेवायची घाई होती. मास्तरांनी दोष दोऱ्यावर ढकलला आणि दोऱ्याचा कारखाना बंद पडला. तुला सांगायचं वीस वर्षं राहूनच गेलं. ये, आधी माझ्या दोन थोबाडीत दे, मग आईला मधे बसवून सिनेमा बघू. तिकिटं तीन काढलीत.