संघप्रियाचा फॉर्म

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून भटकणं बंद. समाजकार्य चालू. जळकोटच्या शाळेतल्या लीला मॅडमनी माझ्याकडं फॉर्म दिला. आमच्या गल्लीतल्या बाबूची पोरगी संघप्रिया तिसरीत. आईबाप ऊसतोडीला निघाले की तीही जाते, सहा महिने शाळा बुडते. बापानं फॉर्मवर सही केली की ती आजीकडं राहणार, दोन वेळचं जेवण शाळेत. सही नाही तर जेवण नाही. टोळी शुक्रवारी निघणार. मॅडम म्हणाल्या, तुला जमणार नसेल तर आत्ताच सांग. मी म्हणलं, उद्या सकाळीच घ्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार
फॉर्मला भज्याचं तेल लागता लागता राहिलं. म्हणून चौकात नेऊन लॅमिनेशन केलं. एकदम प्रोफेशनल.

संध्याकाळी
बाबूचं पेन उमटेना. अंगठाही घसरला. संघप्रियाची आजी मालनबाई म्हणाली, अरं शहाण्या, सही व्हायच्या आधी कुणी पलास्टिक चढवतं व्हय? संघप्रिया लई हसली. लॅमिनेशनवाल्यानं सांगायला नको?

५ नोव्हेंबर, बुधवार
मॅडमकडून नवा फॉर्म आणला. बोलल्या बरंच. पॉझिटिव्ह घेतलं. बाबूकडंच निघालो होतो, तर ईरण्णा टेम्पो घेऊन भेटला. म्हणाला, अणदूरला जाऊन लगेच येऊ. अणदूरवरून परंड्याचं भाडं लागलं. किल्ला बघायचा राहिलाच होता. अजून दोन दिवस आहेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार
किल्ला मोठा आहे. रील काढली. मन लागेना. फॉर्म सारखा खिशात टोचतोय. उद्या पहिल्या एसटीनं निघायचं. फायनल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी ३
पहिली एसटी चुकली. दुसरीनं आलो. टोळी दहालाच गेली. मालनबाई म्हणाली, पोरगी फाट्यापर्यंत तुजी वाट बघत होती, बापानं उचलून ट्रकात बसवली. काय झालं रं फॉर्मचं? मी म्हणलं, जागा भरल्या, आज्जी. कसं तोंडातून गेलं कळलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
उसाच्या फडावरून बाबूचा फोन. म्हणाला, तू लई पळालास लेका, जागाच न्हाय तर तू तरी काय करणार. मग संघप्रिया बोलली. दादा, माजी जागा कुणाला भेटली? तिला सांगा, माजी गणिताची वही आजीकडं हाय, अर्धी कोरी हाय, वापर म्हणावं.
हो म्हणलं.
वही आणायला गेलो. पोरीसाठी पळापळ केली म्हणून मालनबाईनं दुधाचा चहा केला. प्यालो.