कॉलेजच्या गच्चीवरचं ऊन आणि माझं लग्नकार्याचं धोतर

ब्राह्मणपुरी,
चैत्रातला शनिवार

आदरणीय नवनीतभाऊ (नात्याने साडू, मनाने थोरले बंधू),

छगनचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? शोभाबाईंचा खोकला थांबला का? खापरला ऊन इकडच्याइतकंच असणार, पण तुमच्या दारात निदान लिंबाची सावली आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी एकटाच. बाकीचं घर, म्हणजे दीपमाला, सध्या तुमच्याकडेच आहे, तेव्हा तिची खुशाली तुम्हीच मला कळवायची. फोनच करणार होतो, पण तुमच्या घरी फोन आला की तो स्पीकरवर लावून दारातल्या ओट्यावर सगळ्यांत ठेवतात, आणि हे प्रकरण ओट्यावर ठेवण्यासारखं नाही. म्हणून पत्र, तेही पोस्टाने नाही, एसटीच्या कंडक्टरच्या हाती.

ती रागावून आली आहे हे तिने सांगितलंच असेल. तिची बाजू ऐकून झाली असेल, आता माझी ऐका. जरा लांबेल.

आपल्या गावच्या कॉलेजच्या विकास समितीवर मी गावातर्फे सभासद आहे. (चौथीनंतर शाळा सुटली, वाचणं सुटलं नाही. परिपत्रक आलं की प्राचार्य शेवटची ओळ वाचतात, मी पहिलीपासून वाचतो.) गेल्या साली एक कागद आला. हवामान बिघडत चाललंय, तेव्हा कॉलेजांनी आपली वीज आपल्या छपरावर तयार करावी, आणि या कामात गावालाही सोबत घ्यावं, असं त्यात होतं. समितीने माना डोलावून चहा मागवला. मी मात्र धरून बसलो. त्याला कारण प्रिस्किला. ही नवापूरकडच्या डोंगरातली पोरगी, आपल्या मुलींच्या वसतिगृहात राहते. संध्याकाळी लाईट गेली की मुली मोबाईलच्या उजेडात वाचतात, आणि मोबाईल संपला की आठवून वाचतात. ती एकदा मला म्हणाली, "आजोबा, पेपर दिवसाच असतो, पण अभ्यास रातचाच होतो." तिथेच ठरवलं, अभ्यासिकेत रात्री दिवा लागल्याशिवाय ही समिती सोडायची नाही.

पत्रे बसले. (सौर पॅनल म्हणायचं असतं, पण गावात सगळे पत्रेच म्हणतात.) रात्री दिवा लागायला बॅटऱ्या हव्यात, आणि त्या मिळणार पाहणी पथकाने येऊन पुरेशी वीज होते असं लिहून दिल्यावर. माघात वीज छान झाली. फाल्गुन सरला, ऊन कडक झालं, आणि वीज कमी. प्राचार्य मोबाईलवर आकडे बघून कपाळाला हात लावायचे. ठेकेदार म्हणाला, कबुतरं. एका प्राध्यापकांनी तर हवामान बदलामुळे आपल्या तालुक्यातला सूर्यप्रकाश घटल्याचा अहवाल लिहायला घेतला. मी म्हटलं, माझ्या टकलाला तसं काही जाणवत नाही. आणि भर दुपारी स्वतः शिडी चढलो.

वर काय, तर बिबडे, ज्वारीचे पापडच म्हणा. नवनीतभाऊ, ती गच्ची कॉलेज झाल्यापासून आपल्या बायकांची वाळवणाची जागा आहे हे समितीतल्या एकालाही आठवलं नव्हतं. (मलाही नाही, आणि मी तिथले बिबडे दर वर्षी खातो.) बायकांनी विचार केला, सरकारने आपल्यासाठी एवढे गुळगुळीत, काळे, तापणारे, उताराचे पाट बसवून दिलेत. ओली धोतरं त्यांच्यावर पसरून, टोकं लोखंडी सांगाड्याला बांधून, त्यावर ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्याचे बिबडे थापलेले. पॅनलखालच्या सावलीत शेजारची भुरीबाई आणि बाकीच्या गप्पा मारत बसलेल्या, मधोमध हातात कावळे हाकायची काठी घेऊन दीपमाला. सर्वांत वरच्या पॅनलवर माझं लग्नकार्याचं धोतर.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बाजूले व्हा, तुमनी सावली पडी ऱ्हायनी बिबडासवर."

मी समितीच्या आवाजात म्हणालो, हे चालायचं नाही, उचला सगळं. ती म्हणाली, "सूर्य काय समितीना शे का?" याचं उत्तर परिपत्रकात नव्हतं, म्हणून मी आवाज वाढवला. चार बायकांसमोर वाढवला, ती चूक झाली. तिने शांतपणे धोतर बिबड्यांसकट गुंडाळलं आणि शहाद्याच्या स्टँडवरून खापरची एसटी पकडली.

आता मी काही नुसता खिचडी खात बसलेलो नाही. भौतिकशास्त्राचे दानियल सर आणि वसतिगृहाच्या मुली यांना घेऊन वाळवणाची पेटी करवून घेतली: वर काच, आत काळा रंगवलेला पत्रा, जाळीचे थर. खालून हवा शिरते, तापून वरून निघते. धूळ नाही, कावळा नाही. पॅनल मोकळे, वीज पुन्हा पूर्ववत. बायकांना बोलावून दाखवली. भुरीबाईने पेटीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "पहिले वहिनीले लई या, मंग बोला." दीपमाला परत आल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही म्हणत बाकीच्या तिच्या मागोमाग निघाल्या. पथक बुधवारी येतंय. पेटीत एकही बिबडा नसला तर गावाला सोबत घेतलं हे कुठल्या तोंडाने सांगू? आणि पेटी रिकामी राहिली तर पथकाची पाठ वळताच बायका पुन्हा पॅनलवर चढतील.

म्हणून मी स्वतः घाटा शिजवला. प्रिस्किला मदतीला होती. पहिला घाणा जाळीतून खाली गळला, दुसरा धोतराला असा चिकटला की त्या धोतराचा आता पडदा केला आहे. तरी मी मागे हटणार नाही. उद्या तिसरा.

शोभाबाईंना नमस्कार.

आपला,
छगन

ता. क. दीपमालाला सोमवारच्या गाडीत बसवून द्या. मी बोलावलंय असं सांगू नका. छगन म्हणतो की पेटीतले बिबडे दीपमालाच्या बिबड्यांपेक्षा कुरकुरीत होतात, एवढंच सहज तिच्या कानावर घाला. ती खोटं पाडायला येईल.

आणखी ता. क. धोतरही पाठवा. बिबडे निघत नसतील तर मागून पाणी शिंपडा.

शेवटचं ता. क. (रविवार सकाळ) पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात प्रिस्किला आली. पाकीट बाजूला ठेवून तिसऱ्या घाण्याला पाणी घालायला लागलो तर म्हणाली, "आजोबा, पाणी कमी. आजींनी सांगितलंय." कोणत्या आजींनी विचारलं, तर पातेलं ढवळायला लागली. खोदून विचारल्यावर कळलं, दीपमाला तिला रोज फोन करते. घाट्याचं विचारते, पेटीचं विचारते, अभ्यासिकेत दिवा कधी लागणार ते विचारते, आणि शेवटी बजावते की हे त्यांना सांगू नको, त्यांचं त्यांना सुचू दे.

तर वरचं सगळं रद्द समजा. तिला काही सांगू नका, गाडीत बसवू नका. सोमवारी सकाळच्या गाडीने मीच येतो. पेटीतले बिबडे सोबत आणतो, जसे असतील तसे. नेसायला बरं धोतर उरलेलं नाही, लुंगीवर येईन. ओट्यावर सगळे बसलेले असले तरी चालेल.