शोधमंत्र्यांचं पान

३ मार्च

पोचलो एकदाच्या! सामान लावून झालं. म्हणजे आईच्या मते झालं नाही, पण माझी पाठ म्हणतेय, झालं. दोन खोल्या, तिसरा मजला, खिडकीखाली चपला-बूट शिवणाऱ्याचं दुकान. आईला खिडकी पसंत पडली. तिने आल्या आल्या ताईची खाट भिंतीला लावून घेतली. नव्या घरात तरी नको, असं ओठांवर आलं होतं, पण गिळलं. ताई सकाळी कामावर म्हणून गेली ती परत आलीच नाही, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. खाट मात्र आमच्याबरोबर घरं बदलत हिंडते.

उद्यापासून नोकरी. इंटरनेटवरचा ज्ञानकोश आहे. कुणीही लिहावं, आम्ही तपासावं. थोडक्यात, जगाच्या चुका काढायच्या आणि वर पगार घ्यायचा. आई म्हणाली, हे तर तू फुकटातही करतेस.

५ मार्च

मुख्य संपादकांना सगळे अण्णा म्हणतात. माणूस कडक, पण चहा स्वतः करून पाजतात. शेजारच्या टेबलावरच्या सहसंपादकाचं नाव पडलंय पाल्हाळ. का, ते मला पहिल्याच गप्पांत कळलं.

काम मोठं मजेशीर मिळालंय. ‘शोधमंत्री’ नावाचं एक पान कुणीतरी लिहून ठेवलंय. म्हणे हे देशातलं घटनात्मक पद असून हरवलेली माणसं घरी पोचवणं हे त्याचं काम. असं पद नाही. कधी नव्हतंच. राज्यघटना, कायदे, जुनी राजपत्रं, सगळं चाळून झालं. अण्णा म्हणाले, मग उडवा पान. पाल्हाळचं म्हणणं, नसलेल्या पदावरही पान हवं. इतकी माणसं ते खरं मानतात, हीच नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. भुतांवर आपलं पान आहे, मग भुतं आहेत का? अण्णा म्हणाले, भुतांच्या पानावर कुणी अर्ज करत नाही.

इथे मात्र करतात. पान ठेवावं की काढावं, यावर मत द्यायला खाली जागा आहे. तिथे मत कुणीच देत नाही. लोक आपापल्या हरवलेल्या माणसाचं वर्णन लिहितात. उंची, कपडे, खुणा, शेवटी पत्ता. ‘साहेब, जरा लवकर बघा.’ ते पुसून टाकायचं काम माझं.

९ मार्च

‘मुलगा. निळा शर्ट. अंधाराला भितो, तेवढं सांभाळून घ्या.’ हे पुसायला हात धजेना. निर्णय होईपर्यंत राहू द्या, असं अण्णांना म्हटलं. ते म्हणाले, तपासलंस तू, तर ठेवायचं की काढायचं तेही तूच ठरव.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मीही लिहिलं. ताई. डाव्या भुवईवर व्रण. हिरवा स्वेटर. हसताना तोंडावर हात धरते. खाली आमचा नवा पत्ता. शुद्ध वेडेपणा. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

१२ मार्च

निळ्या शर्टवाल्याच्या आईने लिहिलंय, मुलगा आला, साहेबांचे आभार. त्याखाली आणखी कुणाचे वडील आले, कुणाची बहीण आली. अण्णा म्हणतात, कुणीतरी टवाळी करतंय. पाल्हाळ ते आभार पुन्हा पुन्हा वाचत होता. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

१४ मार्च

ताई आली.

भर दुपारी आली. दार आईनेच उघडलं. आईचा फोन आला, मी धावत घरी पोचले तेव्हा ताई खाटेवर बसली होती आणि आई जमिनीवर बसून तिचे तळवे चोळत होती. किती गार पडलेत गं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तीच भुवई. तोच स्वेटर. मी गळ्यात पडून रडले. आई हसत होती. आई हसते कशी, हे मी विसरूनच गेले होते.

ताई माझ्याकडे बघून हसली. तोंडावर हात धरून.

१६ मार्च

तो हात खाली येत नाही. ती जेवत नाही, पाणी पीत नाही, बोलत नाही. मी विचारलं, आपल्या कुत्र्याचं नाव काय होतं? हसली. बाबा तुला काय म्हणून हाक मारायचे? हसली. मी लिहिलं होतं तेवढंच तिच्यात आहे. व्रण, स्वेटर, हात. बाकी काहीच नाही.

हाताखाली काय आहे, ते मी लिहिलं नव्हतं.

१७ मार्च

निळ्या शर्टवाल्याच्या आईचं पुन्हा आलंय. ‘गेला तेव्हा होता तेवढाच आहे, वाढलेलाच नाही. अंधाराला भितो असं म्हणतो, आणि अंधारातच जाऊन बसतो. हा कोण आहे? घेऊन जा याला.’

आणखी एकाने लिहिलंय— वडिलांजवळ बसून बसून आईनेही अन्न सोडलं. काल गेली.

१८ मार्च

आई जेवली नाही. ताई जेवली की जेवेन, म्हणते. मी आईचा हात हातात घेतला. गार. आईचा हात—

१९ मार्च

अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पान काढ, उद्याच्या उद्या. पान गेलं की ही आलेली माणसंही जातील, आणि चुकलंच तर पान परत आणता येतं. पाल्हाळने माझ्यापुढे हात जोडले. त्यानेही लिहिलं होतं. बायको आलीये, म्हणाला. एवढंच.

२० मार्च

सकाळी आईला सांगितलं. वाटलं, अंगावर येईल. ती शांतपणे म्हणाली, मला काय कळत नाही? ही आपली नव्हे. पण एकदा तिची वेणी घालू दे. मग कर काय करायचं ते.

आत वेणी चाललीये. आई काहीतरी गुणगुणतेय. मी पान उघडून बसलेय. काढण्याचं कारण लिहिलं— असं पद अस्तित्वात नाही. खरंच तर आहे.

दाबलं.

आत आवाज— आई म्हणतेय, अगं, हात काढलास! कशी दिसतेस गं—

ताई बोलतेय. ताईचाच आवाज. ठमीला सांग, म्हणतेय. तिचा चष्मा माझ्या पिशवीत राहिला होता, तो द्यायला मागे फिरले होते मी—

चष्मा. ताई गेली त्या दिवशी सकाळभर शोधला होता. नंतर त्या गोंधळात कुणापाशीच बोलले नाही. हे मी लिहिलं नव्हतं. ठमी, हेही नाही— मला ती एकटीच म्हणायची—

म्हणजे ती— देवा, ती खरंच—

पान परत आणता येतं, अण्णा म्हणाले होते— कुठे असतं ते— आई, तिला धरून ठेव, वेणी सोडू नकोस, मी आत्ता—