तार काढल्यावर

छत्रपती संभाजीनगर
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्नमाला आक्कास,
धाकट्या सुलेखाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक आहे. विशाखाच्या पप्पांची चिकलठाण्याच्या कंपनीतली पाळी बदलली. तुझा गुडघा कसा आहे? नुसतं तेल चोळत बसू नकोस, दवाखान्यात जा.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. पण फोनवर विशाखा कान देऊन बसते आणि तिच्यासमोर हे बोलवत नाही.

तिच्या दातांची तार काढली. तारेसाठी दातांवर जे चौकोन चिकटवले होते, त्यांच्याभोवती खडूसारखे पांढरे डाग राहिलेत. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, दाताचं वरचं कवच विरघळलंय. डाग थोडे फिके होतील, पण गेलेलं कवच परत येत नाही. एवढ्या लहान वयात लेकरांना तारेभोवती नीट घासता येत नाही, थोडं थांबायला हवं होतं. घाई माझीच. शाळेत पोरं पुढच्या दातांवरून चिडवायची, ते मला बघवत नव्हतं.

मग बाईंनी विचारलं, गोड, चिकट काय खायची? विशाखा खुशीत म्हणाली, "सुट्टीत आक्का रोज काकवी-भाकरी कुस्करून द्यायची. दात लई दुखायचे नं!" तिचे पप्पा माझ्याकडे बघायला लागले.

आक्का, तुला काय माहीत! लेकराला चावता येईना म्हणून तू दिलंस. आणि "तार निघेल, घासू देऊ नको, नुसती चूळ भरायला लाव," असं फोनवर तुला मीच बजावलं होतं. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. घरी येताच ते म्हणाले, "दिवाळीत तिला गंगापूरला नाय पाठवायचं."

पोर आता ओठ मिटून हसते. आरशापुढे उभी राहून बोटाने डाग घासते आणि विचारते, "आई, जातील नं?" मी हो म्हणते. दुसरं काय म्हणू?

ती येणार नाही, एवढंच कळवायला लिहायला बसले होते. तेवढ्यात ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मला आक्काकडं कवा पाठवती? तिथं कुणी माझ्या दातांकडं नाय बघत."

जाऊ नको असं तिला सांगवत नाही, आणि पाठवते असं तुला लिहवत नाही. राग आला तर माझा धर, तिच्या पप्पांचा नको.

जिला काहीच करता येईना अशी तुझी,
सुलेखा