ग्लेन वेव्हर्लीचं जुनं घर

ग्लेन वेव्हर्ली, मेलबर्न, एप्रिल १९९४

तीर्थरूप अक्कास विश्रामचा दुरून वाकून नमस्कार.

आधी तक्रार ऐक. आमच्या अंगणात तुळशीच्या जागी कपडे वाळत घालायची लोखंडी छत्री रोवलेली आहे आणि वारा सुटला की ती स्वतःलाच प्रदक्षिणा घालते. चित्रा म्हणते, "बरंच झालं, तुमचे कष्ट वाचले."

तर तुझा जंगम भाऊ स्थावर झाला. घर महायुद्धानंतरचं, विटांचं, दणकट आहे. तरी मी खोल्याखोल्यांतून नुसता फिरतो. विकणाऱ्या ग्रीक आजी किल्ली देताना म्हणाल्या, "आम्ही दोनच वर्षांसाठी आलो होतो." निघताना मीही आईला हेच सांगितलं होतं.

तिचे गुडघे कसे आहेत? माझी खोली अजून झाडून ठेवते का?

घर घेतल्याचं तिला कळवलेलं नाही. मी आता परत येणार नाही असं तिला वाटेल, आणि ते खरं असेल, याची भीती वाटते.

तुझा धाकटा,
विश्राम