औषध घेतलंत का?

दादा, तुमचा दहावी नापास मुलगा माण गावातल्या एका संशोधन केंद्रात कॅन्सरच्या नव्या गोळ्यांच्या चाचणीत काम करतो, हे ऐकून तुम्ही आधी "लादी पुसायला?" असंच विचारलं असतं. तर नाही. नवी गोळी रोजच्या साध्या औषधांशी भांडते का, हे तिथं तपासतात. रुग्ण घरी काय काय घेतो ते विचारून लिहिणं माझ्याकडे. औषधांची इंग्रजी नावं मी डिक्शनरी घेऊन पाठ केली. माझं स्पेलिंग चुकत नाही. डॉक्टरांचं चुकतं.

गेल्या महिन्यात त्याच गावातले एक आजोबा आले. गोळी सुरू होऊनही तिचा अंश रक्तात जेमतेम सापडत होता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "घेतच नसतील. पुन्हा असंच आलं तर चाचणीतून काढावं लागेल." आजोबांना दुसरा इलाज उरलेला नव्हता. मी फॉर्मवर छापलंय तसं विचारलं, "महिन्याभरात दुसरं काही औषध घेतलंत?"

आजोबा ताडकन उठले. "औषध? म्या? आरं, पोरं सोन्यावानी हायती, सुना ताट वाढून देत्यात, म्या कशापायी औषध घीन?"

"अवो, फवारणीचं न्हाई इचारत त्यो!" सोबत आलेल्या आजी पदरात हसू दाबत म्हणाल्या.

चूक माझीच. गावाकडं 'औषध घेतलं' म्हटलं की लोक आधी पोलीस पाटलाला बोलावतात, हे मला कळायला हवं होतं. आणि मग भोसरीचं वर्कशॉप आठवलं. लेथवरून उतरलेल्या लोखंडी जॉबला मी लगेच व्हर्निअर लावतो, छाती फुगवून माप सांगतो, आणि तुम्ही चार जणांसमोर म्हणता, "गरम जॉबचं माप खोटं येतं, गाढवा. थंड होऊ दे."

मी फॉर्म मिटला. चहा मागवला. आजोबा बशीतून प्यायले, तेव्हा सहज विचारलं, "बाबा, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं?"

"मिसरी. मग चा. मग तुमची गोळी, आन् वर सोडा."

"कसला सोडा?"

"भज्यातला! चमचाभर, पान्यात. गोळी जड पडती न्हवं."

सोडा पोटातलं आम्ल मारतो, आणि ही गोळी आम्लाशिवाय विरघळतच नाही. सोडा बंद केला, पुढच्या तपासणीत अंश हवा तेवढा आला, आजोबा चाचणीत राहिले. मॅडमनी विचारलं, "असं विचारायला कुठं शिकलात हो?"

मी कॉलर सारखी केली. "कुठं नाही, मॅडम. स्वतःचं स्वतः."

हे पत्र काही कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. तुमचं नाव जिभेवर आलं होतं, दादा. मी गिळलं.